माइकची बहिरी बाजू

देल्यानने आपल्या माइकच्या दुकानात तिसरा माइक स्टँडवर चढवला आणि हाताची घडी घालून तो बघत राहिला. नेव्याना कानांवर हेडफोन चढवून, हातातला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत माइकभोवती हळूहळू फिरत होती. जुडगा समोर आला की कानात खणखणाट व्हायचा, कडेला सरकला की आवाज मंदावायचा, मागे गेला की पुन्हा तितकाच खणखणाट. इंग्रजी आठच्या आकड्याला दोन पोटं आणि मधे कंबर असते, तसंच या जातीच्या माइकचं ऐकणं असतं. समोरचं ऐकतो, पाठीमागचंही ऐकतो, पण दोन्ही कुशींना ठार बहिरा. माइक घ्यायला येणारे लोक त्याची पोटं तपासतात. नेव्याना कंबर तपासत होती.

पहिला माइक नवा, चकचकीत, बटण फिरवलं की हवा तो आकार धरणारा. त्याच्या पोटात दोन पडदे पाठीला पाठ लावून बसवलेले होते आणि आठचा आकार एकातून दुसरा वजा करून बनत होता. कुशीला गेल्यावर किल्ल्यांचा जाड आवाज विरला, पण बारीक किणकिण काही केल्या जाईना. दुसरा अंगठ्याएवढा, एकाच पडद्याचा. त्याची बहिरी जागा चांगली होती, पण ती बरोबर काटकोनात नव्हती, किंचित पुढे सरकलेली होती. तिसरा जुना, रिबनचा. दोन चुंबकांच्या मधे टांगलेली अॅल्युमिनियमची सुरकुतलेली पट्टी, सिगारेटच्या चांदीच्या कागदाहूनही पातळ. नेव्याना त्याच्या कुशीला आली आणि जुडगा जणू कुणी खिशात टाकला. जाड आवाज नाही, बारीक नाही, काहीच नाही. ती एक पाऊल पुढे सरकली, आवाज आला. एक पाऊल मागे गेली, पुन्हा गेला.

"हा," ती म्हणाली.

"तुझ्याकडे याचाच भाऊ आहे," देल्यान म्हणाला. "गेल्या वर्षी नेलास."

"म्हणूनच हा."

"थांब जरा. मिड-साइड मांडणीला आठचा माइक लागतो, कबूल. पण एकच. तो कडांकडे तोंड करून लावायचा, बाजूंचं ऐकायला. मधे साधा माइक लावतात, समोर तोंड करून. हे तूच मला परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवलंस. मग हा दुसरा कुठे लावणार?"

"मधे."

देल्यान हसला. "मधे आठ? अगं, मग जो काटकोनात उभा असेल, तो मधल्या माइकला दिसणारच नाही. तो फक्त बाजूच्या माइकात सापडेल. आणि बाजूचा माइक म्हणजे डाव्या कानाला बेरीज, उजव्या कानाला वजाबाकी. दोन्ही कान एका स्पीकरमध्ये ओतले की बाजूचा माइक स्वतःलाच खाऊन..." तो बोलता बोलता थांबला. चार वर्षं दोघं एका बाकावर बसून ध्वनिशास्त्र शिकले होते. त्याला फार वेळ लागला नाही. "कुणाचा जीव घ्यायचाय?"

"जीव कुणाचा घेऊ? एका बाईला गप्प करायचंय."

"आणि ऐकणारे एकाच स्पीकरवर ऐकतील कशावरून?"

"लोकगीतांच्या मेळ्याची निवड समिती तशीच ऐकते. नियम आहे त्यांचा. मेळा डोंगरातल्या कुरणावर भरतो, तिथे कुणी दोन कानांत दोन आवाज घ्यायला येत नाही म्हणे. कुणाकडे महागडं सामान असलं म्हणून फायदा होऊ नये."

"म्हणजे फाशीसाठी दोर हवाय, तोही रेशमाचा, आणि मागायला आलीस माझ्या दारात." देल्यानने पट्टी उघडी राहू नये म्हणून माइकवर कापडी टोपरं चढवलं. "ने. पण याच्यावर फुंकर मारायची नाही, आडवा ठेवायचा नाही. परत आला तेव्हा पट्टी ताणलेली दिसली तर तुझं आतडं काढून तिथे लावीन."

"तुझ्याकडे बसवायची अक्कल असली तर लाव," असं म्हणून नेव्यानाने माइक उभाच छातीशी धरला आणि ती आपल्या गावाच्या, क्रुशोव दोलच्या बसला गेली.

*

क्रुशोव दोलच्या बायका सोफिया शहराच्या आसपासच्या सगळ्या गावांत गातात तशाच गातात. तिघी वरच्या आळीच्या, तिघी खालच्या. एका तिघींनी कडवं म्हणायचं, दुसऱ्या तिघींनी तेच उचलून परत फेकायचं. तिघींतली एक हाक देते, म्हणजे गाण्याचे शब्द आणि वळणं तिची. उरलेल्या दोघी ओढतात, म्हणजे खालचा एकच सूर धरून ठेवतात. दोन सुरांमधे अंतर इतकं थोडं की ते एकमेकांवर घासतात. चांगलं जमलं तर दोन घंटा एकदम वाजल्यासारखी हवा थरथरते. बायका त्याला 'वाजणं' म्हणतात. वाजलं तर गाणं, नाहीतर नुसती बोंब.

वरच्या आळीची हाक नेव्यानाला कळायला लागल्यापासून तिच्या आईची होती. दोब्रिनाची. या वसंतात, सगळ्या गावासमोर, ग्युर्गाने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "दोब्रिने, तुझी हाक आता शेळीची झालीय. उद्यापासून तू ओढ. हाक मी देईन." दोब्रिनाने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला, आणि जाऊन ग्युर्गाच्या डाव्या कानाशी उभी राहिली. घरी आल्यावर या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. नेव्यानाने विचारलं तेव्हा म्हणाली, "दह्याचं भांडं झाकलंस का?"

आईने गिळलं ते लेकीच्या घशात अडकलं. ग्युर्गाच्या हाकेचं हे पहिलं वर्ष, आणि पहिल्याच वर्षी समितीला तिची हाकच ऐकू आली नाही, असं व्हायला हवं होतं. गाव मेळ्याला जाणार नाही आणि का गेलं नाही हे गावभर होईल. आई तशीही आता नुसती ओढणारी, तिला मेळ्याला जाऊन काय मिळणार, असा हिशेब नेव्यानाने स्वतःशी केला होता. आईला मात्र विचारलं नव्हतं.

*

चितालिश्तेच्या, म्हणजे गावच्या वाचनालयाच्या, हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटांना कुलपं होती आणि उघड्या खिडक्यांतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. सप्टेंबरात क्रुशोव दोलमध्ये दुसरा वास नसतो. सहाही बायका चुली सोडून आल्या होत्या, त्यामुळे सहाही जणी आधीच तापलेल्या होत्या.

"लवकर आटप गं," खालच्या आळीची हाक देणारी विदेंका म्हणाली. "माझ्या मिरच्या पोत्यात घाम गाळतायत."

"आणि हे काय?" ग्युर्गाने एकावर एक चढवलेल्या दोन माइककडे बोट दाखवलं. ती उंच, रुंद खांद्यांची बाई होती आणि बोलताना समोरच्याच्या अंगावर यायची. "दोन वटवाघळं एका फांदीला लटकल्यासारखी."

"एक समोरचं ऐकतं मावशी, दुसरं बाजूंचं," नेव्याना म्हणाली.

"शिकून शिकून शेवटी वटवाघळं टांगायला आलीस होय, प्रोफेसरीणबाई?"

ओढणाऱ्या बायका हसल्या. नेव्याना हसली नाही. तिने जमिनीवर खडूने दोन फुल्या काढल्या होत्या. एक मधल्या माइकच्या थेट समोर, रंगमंचाच्या बाजूला. दुसरी बरोबर काटकोनात, खिडकीकडे. दोरी ताणून, सुताराच्या गुण्याने तपासून काढलेल्या.

"खालची आळी इथे. वरची आळी तिथे."

"कोपऱ्यात?" विदेंका भडकली. "आम्ही तोंडाला तोंड देऊन गातो. समोरासमोर. काटकोनात उभं राहून मी कुणाच्या थोबाडावर गाऊ? खिडकीच्या?"

"हॉल लहान आहे. समोरासमोर उभं राहिलात तर आवाज भिंतीवर आपटतात." हे खोटं होतं. आठच्या माइकला समोरासमोरच्या दोन तिघी अगदी सुखाने ऐकू आल्या असत्या, एक पुढच्या पोटात, एक मागच्या.

"राहू दे विदेंके," ग्युर्गा म्हणाली. "तुझं थोबाड बघावं लागलं नाही तर माझी हाक दुप्पट चांगली लागेल." आणि ती आपणहून खिडकीकडच्या फुलीवर जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग योंका तिच्या उजव्या कानाशी गेली. दोब्रिना डाव्या कानाकडे निघाली.

"आई," नेव्याना म्हणाली, "तू इकडे ये. खालच्या आळीच्या शेजारी उभी राहा. इथे तुझा आवाज जास्त चांगला येईल."

दोब्रिना थबकली. "खालच्या आळीत? मी?"

"नुसतं उभं राहायचंय. ओढायचं वरच्या आळीबरोबरच."

"तिच्या कानाला तोंड नाही लावलं तर सूर कुठून घेऊ? खिशातून?"

"जाऊ दे तिला, जाऊ दे," ग्युर्गा म्हणाली. "इथे ओढली काय नि तिथे ओढली काय, गाडा मोडकाच आहे. लांब असली तर करकर तरी कमी ऐकू येईल."

दोब्रिनाने लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ चालत गेली, ग्युर्गाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तिने आपलं तोंड ग्युर्गाच्या कानापाशी नेलं. "हाक दे," ती म्हणाली. "बडबड पुरे."

नेव्यानाचा हात स्टँडच्या स्क्रूवर होता. दोन्ही माइक थोडे फिरवले असते तर काम झालं असतं. बहिरी बाजू दोन तिघींच्या मधल्या रिकाम्या जमिनीवर पडली असती आणि कुणीच गेलं नसतं. आईचं तोंड ग्युर्गाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. ग्युर्गा गेली की आईही जाणार, फार तर मागे कुजबुज उरेल. हे तिला पाढ्यासारखं ठाऊक होतं.

"काय गं, स्क्रू गिळणार आहेस का?" ग्युर्गा म्हणाली. "की शेळीला आधी खुंटीला बांधायचंय?"

नेव्यानाने स्क्रूवरून हात काढला. "चालू द्या," ती म्हणाली.

विदेंकाने हाक दिली. तिच्या दोघींनी सूर ओढला. कडवं संपतं न संपतं तोच खिडकीकडून ग्युर्गा त्याच्यावर तुटून पडली. हेडफोनमध्ये विदेंकाच्या तिघी ऐन समोर उभ्या होत्या. ग्युर्गाच्या तिघी मात्र जागेवर सापडेनात. उलट्या-सुलट्या होऊन दोन्ही कानांत एकदम पसरलेल्या, डोक्याच्या आतून गाताहेत तशा. जागा चुकीची होती, पण आवाज खरा होता. ग्युर्गाची हाक पात्यासारखी सरळ होती. तिच्या खाली एक सूर होता, आणि त्या सुरात शेळी नव्हती. थरथर नव्हती. दोब्रिनाने आपला सूर ग्युर्गाच्या सुरावर असा घासून धरला होता की हवा एका लयीत धडधडत होती. आई हाक देत असे तेव्हाही असा आवाज नेव्यानाने कधी ऐकला नव्हता. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या आणि त्यांचं वाजत होतं.

नेव्यानाने दोन्ही कान एक करणारं मोनोचं बटण दाबलं.

विदेंकाचं कडवं आलं, स्वच्छ, भरदार. मग खिडकीकडची पाळी आली आणि तिथे हॉल होता, नुसता रिकामा हॉल. भिंतींवरून परतलेला घोगरा प्रतिध्वनी तेवढा मधल्या माइकात शिरत होता, कारण भिंतींना काटकोन कुणी शिकवलेला नव्हता. विहिरीच्या तळाशी कुणी गात असावं, तसं. देल्यानची रिबन आपलं काम चोख करत होती. नेव्यानाने बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. तोवर गाणं संपलं.

मग त्सोना नावाची खालच्या आळीची ओढणारी म्हणाली, "वाजलं गं, मेल्यांनो." आणि तेही तिने रागानेच म्हटलं.

*

"दे इकडे," ग्युर्गाने नेव्यानाच्या डोक्यावरून हेडफोन ओढून घेतले. ऐकता ऐकता तिचा चेहरा फुलला. "ही मी. ही बघ मी. डोक्यात शिरतेय." मग तिने हेडफोन काढले आणि दारावर टांगलेल्या एकुलत्या एक स्पीकरकडे पाहिलं. दवंडी द्यायला, निवडणुकीचे निकाल सांगायला गावाला तेवढाच एक. "आता तिथे लाव. समितीवाले काही कानांना असली टोपरी घालून बसणार नाहीत."

"मावशी, त्या स्पीकरला काही अर्थ नाही. जुना आहे."

"त्यांचा काय नवरदेवासारखा नवाकोरा आहे? लाव म्हणते ना."

टाळायला वाट होती. वीज गेली म्हणता आलं असतं, वायर नाही म्हणता आलं असतं. नेव्यानाने वायर जोडली. आतून तिला ग्युर्गाचं तोंड बघायचंही होतं, हे खरं.

विदेंका गायली. मग ग्युर्गाची पाळी आली आणि स्पीकरमधून विहीर बोलली. योंकाने छातीवर क्रॉस केला. पुन्हा विदेंका, पुन्हा विहीर.

"अरे वा!" विदेंका टाळी वाजवून म्हणाली. "वरच्या आळीला देवाने नेलं! मी म्हणते, असंच पाठवा. याहून चांगली ग्युर्गा मी जन्मात ऐकली नाही."

ग्युर्गा हसली नाही, ओरडलीही नाही. ती खडूच्या फुलीपाशी गेली, बुटाच्या टोकाने फुली चोळली, मग माइककडे, मग नेव्यानाकडे बघितलं. "मला तू खड्ड्यात उभं केलंस."

"मावशी, या माइकची जात अशी आहे की..."

"माइकचं माझ्याशी काय वैर? त्याच्या आईला मी काही बोलले नव्हते."

विदेंकाला आता उकळी फुटली. "बरं केलं पोरीने! दोब्रिनाला बाजूला सारलंस तेव्हा कुणी विचारलं होतं? आता ऐक स्वतःचं स्मशान!"

"तू गप्प बस, घसा बसलेल्या कोंबडे! तुमच्या आळीत हाक द्यायला कुणी उरली नाही म्हणून तू!"

त्यानंतर दोघी एकमेकींवर अशा तुटून पडल्या की बाहेर कुणीतरी मिरच्यांची पितळी खाली ठेवून खिडकीशी येऊन उभं राहिलं. कुणाच्या आजीने कुणाची कोंबडी नेली इथपर्यंत गोष्ट गेली. भांडण संपलं ते विदेंकाचा आवाज चिरफाळून बंद पडला म्हणून. तिने आणखी एक शिवी द्यायचा प्रयत्न केला, नुसती हवा बाहेर आली.

या सगळ्या गदारोळात दोब्रिना जागची हलली नव्हती. आता ती लेकीसमोर येऊन उभी राहिली. "आणि मी?"

"काय?"

"ग्युर्गा गेली. योंका गेली. मी कुठे आहे?"

"तू तिच्या कानाशी होतीस."

"तुला माहीत होतं?"

नेव्यानाला खोटं सुचलं होतं, तेही चांगलं. पण आईचे डोळे असे लागले होते की ते तोंडापर्यंत येईना. "माहीत होतं."

"मला तिकडे उभं करायला बघितलंस, ते यासाठी."

"हो. पण तू हललीच नाहीस. आई, मी तुझ्यासाठी..."

"ग्युर्गाने मला बाजूला केलं," दोब्रिना म्हणाली. आवाज तिने जराही चढवला नाही. "तू मला पुसलंस. वर माझ्याचसाठी म्हणतेस."

"तिने सगळ्यांसमोर तुला शेळी म्हटलं!"

"म्हटलं. आहेच मी शेळी, हाक द्यायला. ओढायला नाही. आज ऐकलंस ना कानाला लावून? वाजलं की नाही? आता मला त्या कुरणावर वाजवायचं होतं. ते तिच्या कानाशी उभं राहून होतं तर तिच्या कानाशी. तुला कुणी सांगितलं होतं माझा राग उसना घ्यायला? तुझा तुला नाही का एखादा?"

ग्युर्गा तोंड वाकडं करून म्हणाली, "बघा, आता मला हिचं कौतुकही ऐकावं लागणार."

"तुझं कौतुक माझी चप्पल करेल," दोब्रिना मान न वळवता म्हणाली.

*

पुन्हा गाणं शक्य नव्हतं. विदेंकाच्या घशातून हवा सोडून काही निघत नव्हतं, आणि ध्वनिमुद्रण त्याच दिवशी समितीकडे पोचायला हवं होतं. योंकाने हे मोठ्याने सांगितलं, जणू कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि वर म्हणाली, "झालं. यंदा मेळा चुलीपुढेच."

"पुन्हा गायला नको," नेव्याना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"दोन्ही माइक आठचेच आहेत. एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात. एकाला जे ऐकू आलं नाही ते दुसऱ्याने ऐकलंय. म्हणजे सगळं आत आहे. दोघांचं मिश्रण कमी-जास्त केलं की त्यातून पाहिजे त्या दिशेला तोंड केलेला एक माइक बनवता येतो. बहिरी बाजू आता बसल्या जागी फिरवता येते. गाण्याला कात्री लागत नाही."

"म्हणजे खड्डा हलतो?" ग्युर्गाने विचारलं.

"हलतो."

"आणि हे तुला मघापासून माहीत होतं."

नेव्यानाने मिश्रण बदलणाऱ्या बटणाची पेटी पुढे ओढली, गाणं पुन्हा लावलं आणि बटण हळूहळू फिरवायला लागली. दारावरच्या स्पीकरमध्ये ग्युर्गा विहिरीतून वर आली. आधी कुजबुज, मग आवाज, मग हाक. तिच्याबरोबर दोब्रिनाचा सूर वर आला आणि दोन्ही घासू लागले. विदेंकाच्या तिघी हळूहळू मावळल्या, बटण टोकाला पोचलं तेव्हा त्यांच्या जागी विहीर आली.

"बस! इथेच ठेव!" ग्युर्गा आणि योंका एकदम ओरडल्या.

विदेंका दोन्ही हात हवेत नाचवत होती. तिच्या वतीने त्सोना ओरडली, "मागे! मागे फिरव, नाहीतर वायरीनेच आवळते तुला!"

नेव्यानाने मागे फिरवलं. विदेंकाच्या तिघी आल्या, ग्युर्गाच्या विरू लागल्या. आता त्सोना म्हणाली, "हां, आणखी जरा. आणखी जरा. ही नागीण पुरती जाऊ दे." ग्युर्गाने टेबलावर मूठ आपटली. माइकच्या आतल्या पट्ट्यांच्या काळजीने नेव्यानाने स्टँडला मिठी मारली. सहा बायकांतल्या एकीलाही बहिरी बाजू मोकळ्या जमिनीवर पडावी असं वाटत नव्हतं. ती असली तर कुणाच्या तरी अंगावर असावी.

"मी मधोमध ठेवते," नेव्याना म्हणाली. "दोन्ही आळ्या सारख्या."

"तू काही ठेवत नाहीस." दोब्रिनाने तिचा हात बटणावरून उचलला आणि बाजूला केला, टेबलावरचं भांडं बाजूला करावं तसा. "कुठल्या अंगाला फिरवलं की कोण येतं?"

"आई..."

"विचारलं तेवढं सांग."

नेव्यानाने सांगितलं. दोब्रिनाने खुर्ची ओढली, रुमाल कानांवरून मागे सारला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं. तिची बोटं जाड होती, मिरच्यांच्या सालींनी काळी पडलेली. बटण तिने एवढंसं फिरवलं, ऐकलं, आणखी एवढंसं फिरवलं. दोन्ही आळ्या सारख्या झाल्या ती जागा आली. नेव्यानाला ती ओळखू आली, तिने श्वास सोडला. दोब्रिना तिथे थांबली नाही. ती जरा पुढे गेली, वरच्या आळीच्या अंगाला. विदेंकाच्या तिघी आता भिंतीच्या पलीकडून गात असल्यासारख्या येत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग ग्युर्गा आणि दोब्रिना हॉल भरून टाकत होत्या.

त्सोनाच्या ते लगेच लक्षात आलं. "ए! आम्ही दबलो! दोब्रिने, आम्ही दबलो!"

"आणखी थोडं फिरव," ग्युर्गा दोब्रिनाच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

"तू गप्प," दोब्रिना म्हणाली. "कान मलाही आहेत." तरी तिने केसभर आणखी फिरवलं. मग हात मांडीवर ठेवून लेकीला म्हणाली, "पाठव."

"आई, हे बरोबर नाही. खालच्या आळीवर अन्याय होतोय."

"होतोय ना. त्या आमच्यावर करत आल्या, आम्ही त्यांच्यावर. त्यांचं आमचं ठरलेलं आहे. त्या ऐकतायत, ओरडतायत, उद्या माझ्या दारावर शेण फेकतील. कुणाला न कळवता नाही करत मी."

विदेंकाने घशातून काहीतरी काढायचा प्रयत्न केला आणि नाद सोडून जमिनीवर थुंकली. त्सोनाने शपथेवर सांगितलं की मेळ्याच्या दिवशी कुरणावर बटण नसेल, तिथे बघून घेऊ. "ये की," ग्युर्गा म्हणाली. "घसा घेऊन ये." खालची आळी दार आपटून गेली.

नेव्यानाने फाइल पाठवली. हे होईपर्यंत दोब्रिना आणि ग्युर्गा दोघी तिच्या डोक्यावर उभ्या होत्या, आणि गेलं असं लॅपटॉपच्या पडद्यावर दिसल्यावर दोघी एकदमच दाराकडे वळल्या. दार एका बाईच्या मापाचं होतं. दोघींपैकी एकही थांबली नाही, आणि खांद्याने खांदा ढकलत, चौकटीला घासत, त्या एकदमच बाहेर पडल्या.

"आई," नेव्याना मागून म्हणाली, "सामान आवरून येतेच मी. भाजायला मदत करते."

दोब्रिना पायरीवर थांबली. "मी योंकाकडे भाजणार आहे आज," ती म्हणाली. "तुझं तू बघ. आणि आवाज झाला नाही तर बरं, घरी आल्यावर. डोकं दुखतंय."

ती गेली. नेव्यानाने आधी वरचा माइक काढला, मग खालचा. दोघांवर टोपरी चढवली, आणि आडवे होऊ नयेत म्हणून दोन्ही हातांत एक-एक उभा धरून ती रिकाम्या हॉलमध्ये परतीच्या बसची वेळ होईपर्यंत बसून राहिली.